डोंगरे बाईंचा ‘एकदा’

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल ‘फार चांगला होता’ असे कोणी म्हटले, की डोंगरे बाईंना राग येई. राग म्हणजे आरडाओरडा नव्हे. त्या पदर सारखा करीत, बोलणाऱ्याकडे नीट पाहत आणि म्हणत, “बरं. एकदा सांगा.”

समोरच्याला काही कळत नसे. तो पुन्हा सांगे, की नेहमी हसतमुख असत, नेहमी दुसऱ्याच्या मदतीला धावत. बाई मान हलवीत. “नेहमीचं नका सांगू. नेहमी तं सगळेच चांगले राहते. एकदा त्यायनं काय केलं, तुम्ही काय पाह्यलं, ते सांगा.”

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमच्या वॉर्डात कोणी वारले, की काही दिवसांनी घरासमोर मांडव घालून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. भंतेजी येतात, त्रिशरण-पंचशील होते आणि जेवणाआधी चार माणसे उठून गेलेल्याबद्दल बोलतात. बोलणारे कोण, हे प्रत्येक घर आपापले ठरवते. पण मी त्या वॉर्डात राहायला गेले तेव्हा एक नाव प्रत्येक घरात ठरलेले होते. पाहुण्यांना कळवायच्या आधी कोणीतरी डोंगरे बाईंच्या फाटकाशी येऊन उभे राही आणि म्हणे, “बाई, आमच्या घरचं तुम्हीच सांगा.”

मी त्यांच्याकडे पुढच्या खोलीत भाड्याने राहत होते. किरनापूरकडच्या एका खेड्यातून कॉलेजसाठी आलेली, आमच्या घरातली पहिलीच. शाळा सगळी हिंदीत झालेली, मराठी फक्त आईच्या तोंडची. हे सगळे मी आज मराठीत लिहू शकते, ते बाईंमुळे. त्यांनी मला कधी ‘शिकवायला’ म्हणून बसवले नाही. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि म्हणत, की आता कोणाला शिकवायचे नाही, फक्त चुका काढायच्या.

पहिली चूक त्यांनी पहिल्याच दिवशी काढली. खोलीचे ठरल्यावर मी त्यांना म्हणाले, की बाई, तुमचे नाव मला गावापासून याद आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, “याद किराण्याची असते पोरी. म्हणून तिची यादी होते. माणसाची आठवण असते. आठवणीची यादी करून पाहा बरं.”

अशा त्यांच्या शब्दांच्या जागा ठरलेल्या होत्या. ‘स्मृती’ हा शब्द त्यांच्या मते दगडाचा. बसस्टँडवरची पाणपोई दाखवून त्या म्हणत, की पाहा, कोणाच्या तरी स्मृतीत बांधली आहे, नाव कोरले आहे, पण पाणी पिणाऱ्यांपैकी एकाला तरी त्या माणसाचे तोंड ठाऊक आहे का? ‘स्मरण’ पाठांतराचे. आणि ‘सय’ हा शब्द त्यांनी सर्वांत वर ठेवला होता. तो त्यांच्या आईचा, भंडाऱ्याकडचा. आठवण आपण काढतो, त्या सांगत, पण सय काढता येत नाही. ती आपल्या मनाने येते, पाहुण्यासारखी, घरात पीठ नसते त्या दिवशी. कोणाच्या पत्रिकेवर ‘भूतपूर्व सरपंच’ असे छापलेले दिसले, की त्या मला बोलावून दाखवीत आणि विचारीत, “हा आधी भूत होता का आधी सरपंच?”

त्यांची ही सांगण्याची प्रथा कशी सुरू झाली, ते मी शेजाऱ्यांकडून ऐकले. वॉर्डात झिंगाजी उके नावाचे गृहस्थ होते. भयंकर तिरसट. हँडपंपावर बाया भांडी घासायला बसल्या तर घासलेली भांडी लाथेने पाडत. पोरांचा चेंडू अंगणात आला तर कापून परत देत. ते वारले. कार्यक्रमात एकामागून एक लोक उठले आणि म्हणाले, की झिंगाजी शांत, मनमिळाऊ, सर्वांना प्रिय असे व्यक्तिमत्त्व होते. म्हणे त्यांच्या बायकोने मान वर करून फोटोकडे पाहिले, की कार्यक्रम आपल्याच घरचा आहे ना.

तेव्हा बाई उठल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्या म्हणाल्या, की एकदा मी शाळेतून येत होते, भर उन्हात सायकलची साखळी तुटली. रस्त्याने झिंगाजी आले. सायकल माझ्या हातातून हिसकली, झाडाखाली उलटी केली आणि साखळी जोडत बसले. जोडता जोडता मला, माझ्या नवऱ्याला, शाळा काढणाऱ्याला आणि बाईमाणसाला सायकल विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या देत होते. साखळी जोडून झाली. मी आभार मानले. तर म्हणाले, “आभार घरी ठेव. उद्या तेल घाल. नाही घातलं तं सायकल माह्या घरी आणून टाकतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरेच फाटकाशी येऊन उभे होते, तेल घातले का पाहायला.

मांडवात आधी कोणी हसले नाही. मग उकेबाईच हसल्या. हसता हसता त्यांचे हसणे फाटले आणि त्या रडू लागल्या. झिंगाजी वारल्यापासून पहिल्यांदा, असे लोक सांगतात. त्या दिवसापासून वॉर्डातल्या प्रत्येक घराला बाई हव्या झाल्या.

पण त्या नुसत्या उठून बोलत नसत. कार्यक्रमाच्या आधी दोन-तीनदा त्या घरी जाऊन बसत. विचारण्याची त्यांची पद्धत फार बारीक होती. चहा कसा प्यायचे? बशीत का कपात? राग आला की बोलायचे का जेवण सोडायचे? आणि मग, एकदा? त्यांचे दोन नियम होते. सांगायचे ते ‘एकदा’पासून सुरू झाले पाहिजे. आणि सांगणाऱ्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. ऐकलेले चालणार नाही. “ऐकलेली आठवण म्हंजे उसनी साडी,” त्या म्हणत, “अंगावर नीट बसत नाही, अन् सगळ्यांले ओळखू येते कोणाची आहे तं.”

एका कार्यक्रमाला एक पुढारी आले होते. माइक हातात घेऊन त्यांनी हिंदीत पुष्कळ वेळ भाषण केले, ‘अपूरणीय क्षति’ दोन-तीनदा झाली. बाई समोरच्या रांगेत बसल्या होत्या. भाषण संपताच शांतपणे म्हणाल्या, “साहेब, एकदा सांगा.” पुढाऱ्यांनी विचार केला. माणूस मुळात खोटा नसावा. ते म्हणाले, “बाई, सच बोलूँ तो मैं इनसे कभी मिला ही नहीं.” मांडवात खसखस पिकली. बाई म्हणाल्या, “मग आज भेटा. बसा इथे.” आणि त्यांना शेवटपर्यंत बसवले. ते जेवूनच गेले. पुढे म्हणे ते कोणत्याही मांडवात शिरले, की आधी शेजारच्याच्या कानाशी लागून विचारत, “भैया, इनका एकदा क्या था?”

आता काकाजींविषयी सांगायला हवे. काकाजी म्हणजे बाईंचे यजमान. मॅंगनीजच्या खाणीत फिटर होते, मी गेले तेव्हा निवृत्त झालेले. बाई जितक्या बोलक्या, तितके ते मुके. त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी पाणी तापवणार, पहिली बादली बाईंसाठी काढून ठेवणार. मग चहा. मग पॅंटच्या पायाला क्लिप लावून सायकल काढणार आणि विहाराजवळच्या एका सायकलवाल्याच्या दुकानात जाऊन बसणार. तिथे कोणाचे चाक सरळ करून दे, कोणाचा ब्रेक आवळून दे. दुपारी परत. जेवताना भाजीला नाव ठेवणार नाहीत, चांगलीही म्हणणार नाहीत. संध्याकाळी रेडिओ. त्यांचे वाक्य म्हणजे “बरं.” कोणी काही सांगितले की ‘बरं’. आनंदाची बातमी ‘बरं’, दुःखाचीही ‘बरं’. फक्त दुसऱ्या वेळी थोडे लांबत असे.

बाई त्यांची थट्टा करीत. एकदा मी त्यांच्याकडे चहा पीत बसले असताना त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, की साऱ्या वॉर्डाचे मी सांगते, पण मी मेली तर हे काय सांगणार? ‘बरं’ म्हणतील आणि बसतील. काकाजी रेडिओची सुई फिरवत होते. त्यांनी वर न पाहता म्हटले, “तूच सांग माह्यं. मी आधी जातो.” बाई म्हणाल्या, “तुमचं काय सांगू? तुमचं काही होतच नाही.” काकाजी म्हणाले, “बरं.”

ते खरेच आधी गेले. हिवाळ्यातली दुपार होती. जेवून अंगणात बाजेवर आडवे झाले ते उठले नाहीत. बाई आत भांडी आवरत होत्या. चहाला हाक मारली तेव्हा कळले.

मुलगी नागपूरहून आली. काकाजींची धाकटी बहीण सुगंधाबाई राजेगावहून आली. सुगंधाबाई जाड, तोंडाळ, मनाची साफ; लहानपणी आई वारल्यावर दादानेच खांद्यावर घेऊन वाढवली म्हणून दादावर जीव टाकणारी. चार दिवसांनी पुण्यानुमोदन ठरले. बाईंना सांगायला कोणी आले नाही. त्या बोलणार, हे सगळ्यांनी धरलेच होते. उलट लोक म्हणत, की इतक्यांचे सांगितले, तर आपल्या माणसाचे किती सांगतील.

त्या दिवसांत मी बाईंसोबत होते. त्या रडत नव्हत्या. त्या शोधत होत्या. कपाटाशी उभ्या राहत आणि विसरत, की कशाला आल्या. मला म्हणाल्या, “पोरी, मले त्यायचं सगळं येते. पण एकदा नाही येत.” मी म्हटले, की एवढ्या वर्षांत काहीतरी असेलच. तर त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या. सकाळी पाणी तापवायचे. कोणत्या दिवशी? रोज. बाजारातून येताना देठाची कोथिंबीर आणायचे. कधी? नेहमी. मुलीच्या लग्नात? हॉलच्या दारात चपला नीट लावत होते. पण ते तर प्रत्येक लग्नात लावत. त्यांच्या हाताला एकही दिवस लागत नव्हता, ज्याला दुसऱ्या दिवसापासून वेगळे काढता येईल.

मग त्यांनी आपली जुनी पद्धत वापरली. उठल्या आणि विचारायला निघाल्या, आपल्याच नवऱ्याविषयी. मी बरोबर होते. सायकलवाल्याने सांगितले, की एकदा काकाजींनी एका परक्या मुलीच्या सायकलचे चाक बसवून दिले आणि अंधार पडेल म्हणून तिच्या मागे मागे तिच्या घरापर्यंत गेले, न बोलता. मुलगी भिऊन जोरात पायडल मारू लागली आणि हेही जोरात. खाणीतल्या एका जुन्या सोबत्याने सांगितले, की एकदा डबे उघडताना सगळे एका पोराला हसत होते, तर काकाजी उठून त्याच्या शेजारी जेवायला बसले आणि पुढे कोणी हसले नाही. बाई ऐकत. त्यांचे डोळे भरत. बाहेर आल्यावर त्या म्हणत, “छान आहे. पण हा एकदा त्या लोकायचा आहे. माहा नाही.”

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव भरून गेला. वॉर्डातले, खाणीतले, शाळेतल्या जुन्या शिक्षिका, झिंगाजींची बायको. मुलगी बोलली, एकदा शाळेच्या सहलीला तिच्या डब्यात तिला आवडत नाही ते लोणचे गेले, तर बाबा डबा बदलायला सायकलने बसच्या मागे आले होते, असे काहीतरी. लोक रडले. मग बाई उठल्या.

माइकजवळ त्या सवयीने उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “एकदा...”

पुढे काही आले नाही. त्यांनी फोटोकडे पाहिले. पुन्हा म्हणाल्या, “एकदा...” मांडव इतका गप्प होता, की भटारखान्यातला झारा ऐकू येत होता. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलेच नाही. माइक बाजूला केला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “मले नाही सापडत,” आणि जाऊन बसल्या.

जेवणे झाली. लोक गेले. काही बायकांनी म्हटले, की दुःखच एवढे आहे. पण सुगंधाबाईंनी ते तसे घेतले नाही. भांडी विसळणाऱ्या बायांसमोर त्या बाईंना म्हणाल्या, “साऱ्या गावच्या मेलेल्यायचं सांगत फिरली वैनी. अन् माह्या दादाचं तुले एक नाही सापडलं? एवढी वर्सं त्याच्यासोबत राह्यली का त्याच्या घरात भाड्यानं राह्यली?”

बाईंना ते लागले, कारण तीच शंका त्यांना स्वतःला होती. मला त्या रात्री जेवताना एवढेच म्हणाल्या, की ती खोटे बोलली नाही. मी जगाला विचारत होते, एकदा काय केले. घरचा माणूस मी कधी पाहिलाच नसेल तर?

त्यानंतर त्यांनी मांडवात बोलणे बंद केले. शेजारचे एक घर बोलवायला आले, तर म्हणाल्या, की दुसऱ्या कोणाला सांगा. माझ्या चुकाही काढीनात. मी मुद्दाम ‘मला तुमची याद आली’ म्हणाले तरी ‘हौ’ म्हणून गप्प.

सुगंधाबाई भांडून राजेगावला निघून गेल्या होत्या. पण भात कापून झाला आणि त्या नव्या तांदळाचे पोते घेऊन आल्या; दादा असताना दरवर्षी आणत, म्हणून आता आणले नाही तर बरे दिसणार नाही. तोंड फुगलेलेच होते. दुपारी दोघी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या, मी पायरीवर. बोलणे चालले होते ते तांदळाविषयीच. इतक्यात रस्त्याने एक सायकल गेली आणि सुगंधाबाई आपल्याच नादात म्हणाल्या, “दादाले लहानपणापासून सय होती ना.”

बाईंचा हात सुपात थांबला. “कोणाची सय?”

“कोणाची म्हंजे?”

“कोणाची सय येत होती त्यायले? आईची?”

सुगंधाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, “अवो वैनी, सय म्हंजे सय. खोड. जाता जाता मागं वळून पाहाची सय.”

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या घरी ‘सवय’ हा शब्द मधला ‘व’ खाऊनच बोलला जाई. बाईंनी ज्या शब्दाला सर्वांत वर बसवले होते, तो राजेगावच्या त्या घरात रोजच्या खोडीचे नाव होता. बाई हसल्या. काकाजी गेल्यापासून पहिल्यांदा. सुगंधाबाईंना वाटले, आपल्या बोलण्याला हसते, तर त्या चिडल्या आणि चिडून त्यांनी सगळे सांगितले.

त्यांची आई होती तोवर मुले शाळेला निघाली, की ती दारात उभी राही. फाटकाशी वळून पाहिले नाही तर रागावे. म्हणे, मी इथे उभी आणि तुम्ही सरळ जाता, मी काय खांब आहे? म्हणून दादा फाटकाशी थांबे, वळे, पाहे, मग जाई. आई गेली तरी त्याची ती सय गेली नाही. “इथं बी वळत होता ना?” सुगंधाबाईंनी विचारले. “तू उभी राहत होती ना दारात?”

मी स्वतः खिडकीतून कितीदा पाहिले होते, काकाजी फाटकाशी थांबून मागे पाहतात. मला वाटे, कडी लागली का ते पाहतात. बाई म्हणाल्या, की त्यांना स्वयंपाकघरातून आवाज येई. चाकाची टकटक फाटकापर्यंत जाई, मध्येच बंद होई, मग पुन्हा सुरू. त्यांना इतकी वर्षे वाटत होते, की ते पॅंटची क्लिप नीट करतात.

“म्हंजे दारात कोणी नव्हतं?” सुगंधाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“माही शाळा सकाळची. नाही तं मी चुलीपाशी,” बाई म्हणाल्या. “कोणीच नव्हतं.”

सुपातले तांदूळ बाई उगाच इकडून तिकडे करीत होत्या. मग त्यांचा हात पुन्हा थांबला. “एकदा होती,” त्या म्हणाल्या.

मी पायरीवर सरळ होऊन बसले. हे त्या सांगत नव्हत्या. त्यांच्यासमोर ते येत होते, आणि त्या फक्त त्याच्या मागे मागे चालल्या होत्या.

“मले ताप होता. शाळेत नव्हती गेली. थंडी वाजून राह्यली होती म्हणून दारात उन्हात येऊन उभी झाली. हे फाटकाशी थांबले. वळले. अन् मी दिसली तं असे घाबरले, सायकल हातातून सुटता सुटता राह्यली. सायकल तशीच घेऊन वापस आले. म्हणाले, काही विसरलो का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग काहून उभी? मी म्हटलं, ऊन घेऊन राह्यली. मग तिथंच उभे. जाईच ना. मी म्हटलं, अवो, उशीर होईल, जा ना आता. तं म्हणाले, बरं.”

“मग?” सुगंधाबाई म्हणाल्या.

“मग गेले. कोपऱ्यावर जाऊन घंटी वाजवली. लय वेळ वाजवली. रस्त्यावर कुत्रं बी नव्हतं. मले वाटलं, घंटी बिघडली.” बाईंनी सुपातला एक खडा वेचून टाकला. “दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी शाळेत.”

सुगंधाबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि वहिनीचा हात धरला. मग म्हणाल्या, की हे तू मांडवात का नाही सांगितलेस? बाई म्हणाल्या, “मले कुठं माहीत होतं, हे एकदा होतं म्हणून. मी तं त्या दिवसाले नुसता ताप समजली होती.”

त्यानंतर सुगंधाबाई आठवडाभर राहिल्या. वर्षाच्या दिवशी मात्र बाईंनी हे माइकवर सांगितले नाही. सुगंधाबाईंनी हट्ट धरला, तर म्हणाल्या, की सांगून काय करू, मले ऐकायचं होतं, ते तुह्याकडून ऐकलं. पुढे मला शिक्षिकेची नोकरी लागली. लामत्याला शाळा मिळाली आणि मी ती खोली सोडली. त्या वेळेस बाईंनी माझ्या अर्जातल्या दोन चुका काढल्या, म्हणून मला बरे वाटले.

मागच्या उन्हाळ्यात त्या वॉर्डात एका घरी जाण्याचा प्रसंग आला. माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या एकीच्या धाकट्या जावेचा नवरा अपघातात गेला होता. कार्यक्रम संध्याकाळी होता, मी लवकर पोचले. मांडवात खुर्च्या अजून एकात एक रचलेल्याच होत्या. पोरे ताडपत्री बांधत होती. आत भिंतीशी ती जाऊ, जेमतेम मुलगीच, बसली होती, आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून डोंगरे बाई. खूप वाळल्या होत्या. चष्मा जाड झाला होता. त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते, आणि मी हाक मारली नाही.

मुलगी हिंदीतच बोलत होती. हल्ली त्या घरांतून तसेच बोलतात. ती म्हणत होती, की सगळे विचारतात, काही सांग त्यांच्याविषयी, पण मला काहीच आठवत नाही. काही खास झालेच नाही. रोजचेच आहे सगळे.

“रोजचंच सांग,” बाई म्हणाल्या. “घाई नाही.”

मुलीने नाक पुसले. मग म्हणाली, “रोज सुबह टिफिन लेते थे ना बाई, तो पहले कान के पास ले जाके हिलाते थे.”

“काहून?”

“पता नहीं. मैंने कभी पूछा नहीं.”

“कसा हलवे?”

मुलीने हात वर केला. मुठीत डब्याची कडी धरल्यासारखी धरली, कानाजवळ नेली आणि हलवली. बाई बारकाईने पाहत होत्या. मग त्यांनीही आपला वाळका हात वर केला, मूठ कानाशी नेली आणि डोळे मिटून हलवली.

“असा?”

“नहीं बाई,” मुलगी म्हणाली. “थोड़ा धीरे.”

बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले, आणि हात हळू केला.